पांढरी गाडी वळली

माझा नवरा बेपत्ता झाला तेव्हा ठाण्यातल्या हवालदारांनी मला पहिला प्रश्न विचारला, "घरात भांडण झालं होतं का?"

"झालं होतं की," मी म्हणाले. "रोजच होतं. एखाद्या दिवशी झालं नाही तर शेजारीण विचारायला येते, बरं नाही का म्हणून."

हवालदार हसले नाहीत. त्यांनी 'घरगुती वाद' असं लिहून घेतलं. शेजारच्या बाकावर बसलेल्या माझ्या भावानं कपाळाला हात लावला. माझं तोंड असंच आहे, वेळकाळ बघत नाही. पण मी खोटं सांगितलं नव्हतं. मी यवतला घरीच ब्लाउज शिवते आणि घराला लागून नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान. आदल्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या कापडाच्या कात्रीनं रबरी पाइप कापला होता. असल्या माणसाला जामीनसुद्धा मिळू नये असं माझं मत आहे, आणि तो गाडीला किक मारत होता तोवर मी ते त्याला ऐकवत होते. तो हसत हसत निघून गेला आणि संध्याकाळी परत आला नाही. फोन बंद.

ह्या लिहिण्यात मी त्याला 'तो' म्हणतेय. समोर नेहमी अहोच म्हटलं. पण अहो लिहिलं की कुणीतरी लांब बसलंय असं वाटतं, आणि तेवढा लांब मला तो नको आहे. घरात आम्ही बोलतो ती मराठी-हिंदीची खिचडी असते, तीही इथं साधी मराठी करून लिहिते.

तो गेला होता नदीवर. यवतहून राहूकडे जो रस्ता वळतो तो पुढं भीमेला भिडतो. नदीच्या अलीकडं आमचा दौंड तालुका, पलीकडं शिरूर, आणि मधल्या पाण्यात वाळू. ही वाळू चोरून उपसायला लोखंडी बोटी असतात. बोट म्हणजे फार काही नाही. दोन बाजूंना पत्र्याच्या दोन लांबट बंद टाक्या, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर इंजिन आणि पाण्यात सोडलेला जाडजूड पाइप. टाकीत हवा असते म्हणून बोट तरंगते. टाकी गळायला लागली की वेल्डर लागतो, कारण आतल्या बाजूनं जोड मारावा लागतो. वरून आत उतरायला जे भोक असतं त्यातून भरल्या अंगाचा माणूस जातच नाही. माझा नवरा किडकिडीत. लग्नात माझ्या मावश्या म्हणाल्या होत्या, पोराला आधी काही खायला घाला. त्याच अंगाला नदीवर मागणी होती.

दुकानात ट्रॉल्या, गेट, खिडक्यांचे गज असली कामं असायची, पण नदीचं काम आलं की तो नाही म्हणायचा नाही. मी म्हणायचे, चोरांच्या बोटी कशाला जोडता? तो म्हणायचा, गळकं ते गळकंच, चोराचं असो नाही तर सावाचं.

चोरीच्या ह्या धंद्यात माझ्या माहेरचाही हात होता, तेही सांगून टाकते. माझं माहेर कासुर्डी. धाकट्या भावाची चहाची टपरी मात्र यवतला, हायवेवरून राहूकडं वळणाऱ्या फाट्यावर. तहसीलची गाडी दौंडाहून आली की तिथूनच वळणार. म्हणून बोटवाल्यांनी त्याला 'लोकेशन'ला धरलेला. असे लोकेशनवाले रस्त्यारस्त्याला असतात. कुणी पंक्चरच्या दुकानात, कुणी ढाब्यावर. सरकारी गाडी दिसली की मोबाइलच्या ग्रुपात टाकायचं. माझा भाऊ एका हातानं चहा गाळत दुसऱ्या हातानं टाकायचा, 'पांढरी गाडी वळली.' एवढंच. पुढं नदीवर काय होतं ते बघायला तो कधी गेला नाही. मी त्याला टोचायचे, "सरकारची गाडी कुठं पोचली ते तुला बिनचूक माहीत, आन् तुझे दाजी जेवायला कवा येणार ते काय तुला सांगता येत न्हाई."

"दाजींच्या गाडीचे पैशे मिळत न्हाईत, बाजी," तो म्हणायचा. थोरल्या बहिणीला आमच्यात बाजी म्हणतात.

ज्यांची बोट जोडायला माझा नवरा गेला होता ते नदीपलीकडचे. गावाचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना आबा म्हणतात. सोसायटीत, पंचायतीत त्यांच्याच शब्दाला वजन. नवरा आला नाही म्हणून आम्ही ठाण्यात जाऊन आलो, त्याच दिवशी आबा स्वतःच्या जीपनं आमच्या दारात आले. सोबत बिस्किटांचे पुडे. माझ्या सासूबाई तर गहिवरल्या. एवढा मोठा माणूस आपल्या खाटेवर येऊन बसला म्हणून.

"माझ्याच कामाला आला व्हता तो," आबा म्हणाले. "दुपारपतूर काम केलं, भाकर खाल्ली, आन् गेला. म्या म्हनलं ऱ्हा संध्याकाळपतूर, तर न्हाई म्हनला. आता पोरी, तू काळजी करू नगंस. माझी मानसं लावतो कामाला."

त्यांनी आमच्यासमोरच दोन-चार फोन लावले. मी चहा केला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साखर जरा वाईच टाक." मी टाकली.

भावानं टपरी बंद केली आणि मला गाडीवर मागं बसवून तो नुसता फिरत राहिला. दौंडचं स्टेशन, दवाखाने, कालव्याचा काठ, हायवेवरचे ढाबे. कालव्यात कुठं काही अडकलंय का ते वाकून बघायचं आणि काही नाही म्हटल्यावर गाडीवर येऊन बसायचं. मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली असेल तर कुणीतरी हात वर करून 'इकडं या' म्हणेल ह्याची. ढाब्यावर मोबाइलमधला फोटो दाखवला की माणसं आधी फोटो बघायची, मग मला वरपासून खालपर्यंत बघायची. एकानं विचारलंच, "दारू वगैरे?" मी म्हटलं, "चहाशिवाय काही पीत नाही, तोही तुमच्यासारखा पांचट नाही." भावानं मला ओढून बाहेर नेलं.

लोकेशनच्या ग्रुपातही त्यानं फोटो टाकला. त्याची त्या ग्रुपावर फार भिस्त. "बाजी, एवढ्या लोकांचे डोळे रस्त्यावर हायेत. साहेब चहाला थांबले तरी ह्यांना कळतंय. दाजी एवढे उंच, मागं गाडीला मशीन बांधलेलं. कुणी ना कुणी बघितलं असंलच."

ग्रुपात सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पाहिलं म्हणून एकानंही लिहिलं नाही.

"परत आले असते तर माझ्या टपरीवरनंच आले असते," भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता. "म्या दिसभर तिथंच व्हतो. जाताना हात केला त्यांनी. येताना न्हाईच दिसले."

मग फोन आला की गाडी सापडली. शिक्रापूरला.

शिक्रापूर म्हणजे आमच्या उलट्या दिशेला. नदी ओलांडून शिरूर तालुक्यातून पार नगर रस्त्यावर जायचं. कंपन्या, कंटेनरची रांग, आणि मागं नुसत्या खोल्याच खोल्या. एकेका चाळीत देशभरातली माणसं भाड्यानं राहतात, कोण आलं कोण गेलं कुणाला पत्ता नसतो. अशाच एका चाळीच्या भिंतीला त्याची गाडी लावलेली. मशीन मागं बांधलेलं तसंच. हँडलला टिफिनची पिशवी. पोलिसांनी गाडी बघितली, खोल्यांमधून फोटो फिरवला. तिथल्या घरमालकानं विड्याचा तोबरा बाजूला सारून माझ्यादेखतच मत दिलं, "असंल एखादीच्या खोलीवर. लय चालतंय हितं."

मला तेव्हा जे झालं ते नीट सांगता येत नाही. कानशिलात बसल्यासारखं झालं. इतके दिवस मी त्याला कालव्यात शोधत होते आणि हा इथं असेल? एका कात्रीवरून बोलले म्हणून? मी त्या चाळीच्या प्रत्येक दाराकडं बघत उभी राहिले, आता हे उघडेल, आता ते उघडेल. एका दारातून एक बाई बाहेर आली, केस पुसत. कोण कुठली बिचारी, पण मी तिला नजरेनं जाळलं. आणि खरं सांगायचं तर मनातून म्हणत होते, असू दे. हिच्याकडं असू दे. पण असू दे.

पोलिसांनी समजावलं, माणूस स्वतःहून गेला असेल तर वाट बघण्याशिवाय काय करणार. त्यांचंही चुकत नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. "तू लय बोलायचीस गं त्येला," एवढंच म्हणाल्या. 

पिशवी मी त्या दिवशी तशीच खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबूस वास सुटायच्या आत घासून टाकू म्हणून टिफिन काढला आणि झाकण उघडून बघतच राहिले. टिफिन स्वच्छ होता. नुसता रिकामा नव्हे, घासलेला. लखलखीत.

लग्न झाल्यापासून त्या माणसानं एकदाही टिफिन घासून आणला नव्हता. विसळायचासुद्धा नाही. डाळ वाळून पापडी धरलेली असायची आणि त्यावरूनही आमची भांडणं व्हायची. मग घासला कुणी? त्या खोलीवरच्या बाईनं? असं मनात आलं. पण बोट फिरवलं तर झाकणाच्या खाचेत काहीतरी करकरलं. राख होती. चुलीतली राख.

शिक्रापूरच्या त्या चाळीत मी दारोदार बघितलं होतं. सगळीकडं गॅस आणि खिडकीत भांड्याचा साबण. राखेनं भांडी कोण घासतं? ज्याची चूल उघड्यावर आहे तो. नवऱ्याकडूनच ऐकलं होतं, नदीवर बोटीचे मजूर ताडपत्रीत राहतात, चुलीवर डाळभात करतात आणि त्यालाही आग्रह करतात.

मी भावाला म्हटलं, "गाडी काढ. नदीवर जायचंय."

"आबांना फोन करून—"

"आबांना काही सांगू नकोस."

नदीपलीकडं उसाच्या कडेला ती ताडपत्री होती. दुपारची वेळ. बोट कुठं दिसत नव्हती. पाणी सपाट, काठावर पाइपाचे तुकडे आणि डिझेलचे डाग. ताडपत्रीसमोर एक मजूर चुलीत काटक्या सारत बसला होता. वयानं पोक्त, कुठल्यातरी लांबच्या मुलखातला. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला, आणि मी कोण हे मी सांगायच्या आधीच त्याला कळलंय हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. त्यानं मला पाण्याचा तांब्या दिला. 

मी टिफिन पुढं केला. "हा कुणी घासला?"

त्यानं खाली वाकून एक काटकी चुलीत सारली.

मला खरं तर ओरडायचं होतं. गचांडी धरायची होती. पण तोंडातून भलतंच निघालं. "जेवले होते का ते?"

एवढ्यावर त्यानं टिफिन माझ्या हातातून घेतला. "पूरा खाया था, दीदी," तो म्हणाला. "एक दाना नहीं छोड़ा. मैंने ही धोया. किसी के घर का डिब्बा जूठा कैसे भेजते?"

मग तो बोलत गेला आणि मी ऐकत गेले. त्याची हिंदी मला शब्द न् शब्द समजत होती, पण अर्थ डोक्यात शिरत नव्हता. जेवण झाल्यावर माझा नवरा झाडाखाली आडवा झाला होता. मशीन बंद. मजुरांना वाटलं, झोपला. पण तो उठून परत टाकीत उतरला होता. जोड नीट बसलाय का, मोबाइलच्या उजेडात बघायला. मशीन चालू नाही, म्हणजे आवाज नाही. कुणाला कळलंच नाही.

"तभी मेसेज आया," मजूर म्हणाला. "यवत से. गाड़ी मुड़ी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही तोपर्यंत माहीत नव्हती. धाडीत बोट सापडली तर सरकार ती जिलेटिन लावून उडवतं. म्हणून निरोप आला की हे लोक स्वतःच बोट बुडवतात. 'बसवणं' म्हणतात त्याला. टाकीच्या बुडाला बूच असतं. ते काढलं की बघता बघता पाणी भरतं, त्या अरुंद भोकातून कुणी वर यायच्या आत बोट तळाला जाऊन बसते आणि माणसं उसात पळतात. साहेब येतात, मोकळी नदी बघतात, जातात. मग हवा भरून बोट वर काढायची आणि पुन्हा उपसा सुरू. नेहमीचं काम. हातांना सवय झालेली.

"मुकादम चिल्लाया, बैठाओ, बैठाओ. हमने बूच खोला और भागे."

"आवाज नाही आला?" मी विचारलं. "आतून?"

"हम भाग रहे थे, दीदी."

उसातून बाहेर आल्यावर त्यांना झाडाखाली त्याच्या चपला दिसल्या. तेव्हा कळलं.

पण हे मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मजूर 'यवत से' म्हणाला आणि मी त्याच्याकडं बघायचं सोडून भावाकडं बघितलं. यवतच्या फाट्यावर लोकेशनला दुसरं कुणी नव्हतं.

भाऊ मोबाइल काढून अंगठ्यानं वर वर सरकवत होता. आम्ही शोधलेले सगळे दिवस, त्यानं टाकलेला फोटो, ते जोडलेले हात, सगळं उलटं पळत होतं. मग अंगठा थांबला.  तो वाळूत बसला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बाजी," तो म्हणाला, "रोजचाच मेसेज व्हता गं."

मी पाण्याकडं बघत होते. इतके दिवस आम्ही जिल्हाभर फिरत होतो आणि तो इथं होता. मी चालत जाऊन हात लावू शकले असते इतक्या जवळ, चार हात पाण्याखाली, त्यानंच जोडलेल्या टाकीत. टाकी आता गळत नव्हती म्हणे. मजुरानं तेही सांगितलं, चांगलं काम केलं होतं म्हणून. मला हसू आलं. हसूच आलं, आणि ते थांबेना, तेव्हा भाऊ घाबरून उठला आणि त्यानं पोलिसांना फोन लावला.

पोलीस आले, क्रेन आली, तहसीलची पांढरी गाडीही आली. तिच्यातून एक थकलेले साहेब उतरले आणि रुमालानं मान पुसत उभे राहिले. मी त्या गाडीकडं टक लावून बघत होते. साधी गाडी. दारावर चिखल उडालेला. नंतर कळलं की माझा नवरा बुडाला त्या दिवशी ती नदीवर आलीच नव्हती. राहूच्या अलीकडं कुणाचा शेतरस्त्याचा तंटा होता, त्याचा पंचनामा करून साहेब आल्या वाटेनं परत गेले होते. म्हणजे धाड नव्हतीच. कुणी कुणाला पकडायला निघालंच नव्हतं. हे ऐकल्यावर मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "आलीच नव्हती?" आणि तो पोलीस बिचारा पुन्हा पुन्हा "नव्हती, ताई" म्हणत राहिला.

आणि आबा. त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. बोट वर काढायची नाही, कुणी तोंड उघडायचं नाही, गाडी शिक्रापूरला नेऊन लावायची, सगळं त्यांनीच ठरवलं. हे सगळं करून मग ते आमच्या घरी आले होते. मला पोरी म्हणाले होते. नवऱ्याच्या मरणातून मी कदाचित एक दिवस वर येईन, माणसं येतात. पण त्या खाटेवर बसून त्या माणसानं चहाला साखर मागितली आणि मी ती घातली, हे काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही. आबांना अटक झाली. मुकादमालाही. आज ना उद्या ते सुटतील, असं लोक म्हणतात.

मातीच्या दिवशी चेहरा कुणाला दाखवला नाही. दाखवण्यासारखा नाही, असं मोठ्या माणसांनी सांगितलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मयत घरातून निघालं की आपण उंबऱ्याच्या आत. कबरीत उतरून मयत खाली ठेवायचा मान जवळच्या माणसाचा. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, दीर नाही. कोण उतरणार म्हणून कुणीतरी विचारलं, तर सासूबाईंनी माझ्या भावाचा हात धरला.

"ह्योच उतरंल," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाला ह्येनंच हुडकून आनलाय. खाण्यापिण्याचं भान न्हवतं ह्येला."

त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं. भावानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटत होतं मी बोलावं. मी एक शब्द बोलले असते तर तो सुटला असता. माझ्या मनात दया वगैरे काही नव्हती. मला वाटलं, ह्याला सुटू द्यायचं नाही.

"उतर," मी म्हणाले.

परत आला तेव्हा कोपरापर्यंत मातीनं भरलेला होता. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि आपल्या पदरानं त्याचे हात पुसले, बोट न् बोट. "नीट ठेवला न्हवं?" त्या विचारत होत्या. तो नुसती मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानंच त्यांना सगळं सांगितलं. मी नाही. आधी ठाण्यात जाऊन जबाब देऊन आला, मग इथं. वाळूच्या गुन्ह्यात त्याचं नाव घातलं आहे. माणसाच्या मरणात नाही. त्यात काय म्हणून घालणार? रस्त्यानं गाडी वळली, तेवढंच तर त्यानं लिहिलं. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग स्वतःच्या पदराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "म्या पुसले रं तुझे हात." त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मी इद्दतीत बसले. चार महिने दहा दिवस बाईनं घरात राहायचं, परक्या पुरुषासमोर जायचं नाही. दूध आणायला, भाजी आणायला, दोरा संपला तर तो आणायला, समोर येऊ शकेल असा माझा पुरुष एकच होता. सख्खा भाऊ. रिवाज करणाऱ्यांनी ही वेळ कुठं बघितली असणार! रोज सकाळी तो यायचा, पिशवी दाराशी ठेवायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. मी मशीनवर असायचे. बोलत नव्हते. मी, जिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून अख्ख्या यवतात ख्याती, मला त्याच्याशी बोलायला एक शब्द सापडत नव्हता. तोही सापडावा म्हणून हट्ट करत नव्हता. टपरी त्यानं विकून टाकली होती.

एका सकाळी तो तसाच बसलेला असताना त्याचा मोबाइल वाजला. जुना पोलिसांकडं जमा होता. हा साधासुधा, नंबर तोच. पुन्हा वाजला. त्यानं बघितलं आणि घाईनं पालथा घातला. मी मशीन थांबवलं, जाऊन त्याच्या हातातून मोबाइल घेतला. तो सोडत नव्हता.

नवा ग्रुप होता. कुणीतरी जुन्या सवयीनं त्याचाही नंबर घातलेला. फाट्यावर आता दुसरा कुणी बसत असणार. त्यानं टाकलं होतं, 'पांढरी गाडी वळली.' खाली दोघा-तिघांनी अंगठे दाखवले होते.

म्हणजे नदीवर पुन्हा बोटी होत्या. मी इथं घरात बसलेली, कबरीवरची माती अजून नीट दबलेली नाही, आणि त्या क्षणी कुठंतरी पोरं बूच काढायला पाण्यात उतरत होती.  भावाकडं बघितलं तर तो पांढराफटक पडला होता. मग मी टाइप करायला लागले. मला सवय नाही, अक्षरं चुकत होती, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. घाई होती, कारण ते लोक वेळ लावत नाहीत.

'बोट बसवायच्या आधी टाकीत वाकून हाक मारा. आत माणूस असतो.'

पाठवलं. आम्ही दोघं ओट्यावर शेजारी बसून त्या काचेकडं बघत राहिलो. कुणी काही लिहिलं नाही. जरा वेळानं माझ्या भावाला ग्रुपमधून काढून टाकलं.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं.